सावलीचा बाक

रंगराव साळोखे दुकानात आला तेव्हा मी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, हातात घेऊन ठोकून बघत होतो. त्यानं चपला बाहेर काढल्या नाहीत, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी तो आमच्या गादीला देवळासारखं मानायचा. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसला, गुडघा चोळला आणि म्हणाला, "जिनपाल, तुमी आमची सावली काढून घेणार म्हणं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"तू आणि तुझे गूळवाले."

मी रवा खाली ठेवला. नोकराला चहा सांगितला. रंगरावाला चहा पाजल्याशिवाय त्याच्याशी खोटं बोलता येत नसे, आणि त्या दिवशी मला थोडं खोटं बोलायचं होतं. म्हणालो, अजून काही ठरलेलं नाही. तसं ते ठरलेलंच होतं; फक्त बैठक व्हायची होती.

आता ही सावली म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण त्या स्पर्धा बंद पडून जमाना झाला आणि कोल्हापूरबाहेरच्या माणसाला ते ऐकून हसू येईल. आमच्या गूळ व्यापारी संघातर्फे दर वर्षी मार्चमध्ये कॉलेजांच्या फुटबॉलच्या स्पर्धा व्हायच्या. मैदानाला एकच पॅव्हेलियन, तेही पश्चिमेला. दुपारी तीननंतर त्याची सावली मैदानाच्या कडेवर पडायची. त्या सावलीत प्रमुख पाहुण्यांचा सोफा, आम्हा व्यापाऱ्यांच्या खुर्च्या आणि चषकाचं टेबल बसवल्यावर जी जागा उरायची तिथं एकच बाक मावायचा. पहिल्या वर्षापासून त्या बाकावर जयाजीराव कॉलेजचा संघ बसत आला होता. समोरचा संघ कुठलाही असो, तो पलीकडच्या कडेला, तोंडावर ऊन घेत. जयाजीरावचा सामना नसला की त्या बाकावर आमचे पाहुणेरावळे बसत आणि दोन्ही संघ पलीकडं उन्हात. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही कधी पडली नव्हती, कारण त्या काळी चषकावर नाव कोरणारा आमचा सोनार 'जयाजीराव' डोळे मिटून कोरायचा.

पण सोनाराला आता डोळे उघडावे लागत होते. मागली दोन वर्षं चषक आयटीआयच्या पोरांनी नेला होता. आणि गेल्या वर्षी दुसऱ्याच एका संघाशी झालेल्या पहिल्या फेरीच्या साध्या सामन्यात पलीकडच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या एका पोराला उन्हानं घेरी आली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: एका बाजूला आडवा पडलेला पोरगा, दुसऱ्या बाजूला आमचे अध्यक्ष उदगावे अण्णा, हातात उसाच्या रसाचा ग्लास. व्यापाऱ्याला लाज नसते असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. लाज असते, पण पेपरात आल्यावर.

यंदा अंतिम सामन्याला जयाजीराव आणि आयटीआयच आले, तेव्हा ठरलं की त्या सामन्यात सावलीचा बाक जो संघ खरोखर मोठा असेल त्याला द्यायचा, आणि तो कोणता ते एका समितीनं ठरवायचं. सोपा उपाय वेगळाच होता. संघातल्या एका तरुण व्यापाऱ्यानं तो सुचवलाही होता, की पाहुण्यांनीच पलीकडं बसावं आणि दोन्ही संघ सावलीत घ्यावेत. त्यावर सगळे इतके गप्प झाले की सुचवणाऱ्यानंच विषय बदलून गुळाच्या आवकेवर नेला. पलीकडं मांडव घालावा म्हटलं तर मागच्या प्रेक्षकांना दिसणार नाही, आणि कोल्हापुरात प्रेक्षकाला फुटबॉल दिसला नाही तर मांडव राहत नाही.

मी त्या समितीवर होतो कारण मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. निःपक्षपाती माणूस हवा होता. मला ऑफसाइड आजही कळत नाही. माणसं मात्र कळतात, गुळासारखीच; वरून पिवळाधमक दिसतो आणि ठोकल्यावर आतला ओला आवाज येतो, तो मला ऐकू येतो.

रंगरावात तो आवाज त्या दिवशी येत होता. तसा तो आनंदी माणूस. शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा, उधारी वसूल करताना गिऱ्हाइकालाच जेवायला घालायचा. आयुष्याच्या खात्यात एकच मोठी जमा: जयाजीराव कॉलेजकडून खेळताना विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात डाव्या पायानं मारलेला गोल. त्या एका मुद्दलाच्या व्याजावर तो पुढची सगळी वर्षं मजेत जगत आला होता. म्हणून मला वाटलं, व्याज बंद पडेल याची त्याला भीती आहे. तसं मी बोलूनही दाखवलं.

"माझं सोड," तो म्हणाला. "मुजावर सरांचं काय?"

दस्तगीर मुजावर म्हणजे कॉलेजचे खेळाचे शिक्षक. रंगराव त्यांच्या हाताखालच्या पहिल्या संघातला. ते मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कुणी येणार की नाही याचा पत्ता नव्हता. रंगराव त्याच सकाळी प्राचार्यांना भेटून आला होता. प्राचार्य बोधले बार्शीकडचे, नुकतेच बदलून आलेले, पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. माणूस सरळ. त्यांनी रंगरावाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं की संस्थेकडं पैसे मागायला दहा विभाग रांगेत आहेत. म्हणाले, फुटबॉल हे या कॉलेजचं खरोखर काही विशेष असेल तर पूर्ण पगाराची जागा भरून मिळावी म्हणून मी भांडतो. नसेल, तर इतर खेळांसारखं तासिका तत्त्वावर कुणीतरी बघेल. आणि विशेष आहे की नाही हे मी कुणाला विचारू? तुम्ही माजी खेळाडू, तुम्ही हो म्हणणार. गूळ व्यापाऱ्यांची समिती काय ठरवते ते बघतो, त्यांना यात काही मिळवायचं नाही.

"म्हणजे बघ," रंगराव म्हणाला, "बाक गेला की सरांची जागा गेली. जागा गेली की पोरं दुसरीकडं. वर्षाभरात मैदानावर स्कूटरी लागतील."

चहा आला. त्यानं बशीत ओतला आणि प्यायचा विसरला.

पुढचे चार दिवस कोल्हापुरात दुसरा विषय नव्हता. कॉलेज अजून मोठं आहे का? हा प्रश्न न्हाव्याकडं, दूध कट्ट्यावर, सगळीकडं. माझ्या बायकोच्या माहेरचे लोक गावाकडून लग्नाची पत्रिका द्यायला आले, तेही पत्रिका हातात ठेवायच्या आधी हेच विचारते झाले. मी रंगरावाबरोबर मिसळ खायला गेलो तर तिथं आधीच सुनावणी चालू होती. एका टेबलावर म्हणणं असं की संघ या वर्षी अंतिम सामन्याला आलाय तो नशिबानं: पहिल्या फेरीत समोरच्यांची गाडीच आली नाही, नंतर दोनदा टायब्रेकरवर सुटले. दुसऱ्या टेबलावरून उत्तर आलं की टायब्रेकरला छाती लागते. मग कुणीतरी जुने सामने काढले, कुणी आजोबांच्या आठवणी काढल्या. पोलिसात, रेल्वेत, बँकेत खेळलेली कॉलेजची पोरं नावानिशी मोजून झाली. त्यावर एका तरुणानं तिखट विचारलं, की म्हातारा पैलवान लंगोट कसून तालमीभोवती हिंडतोय म्हणून कोण त्याच्याशी जोड लावतं काय.

रंगराव मान खाली घालून पाव मोडत होता. तो पोरगा तेवढ्यावर थांबला नाही. रंगरावाच्या पुढ्यातल्या रश्श्याच्या वाटीकडं बोट दाखवून म्हणाला, "काका, ह्या दुकानाचा कट आता पातळ झालाय. पूर्वीसारखा न्हाई. खरं का खोटं?"

"खरं," रंगराव म्हणाला.

"मग कशाला येताय?"

"तू कशाला आलायस मर्दा? मगाधरनं बाहेर उभा होतास जागेसाठी, मी बघितलं की."

लोक हसले. पोरगाही हसला. पण वाद रंगरावानं जिंकला असं कुणाला वाटलं नाही, त्याला स्वतःलाही नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, हसवून बाक मिळत नसतो.

बैठक व्यापारी संघाच्या हॉलमध्ये झाली. उदगावे अण्णा मध्ये बसले होते, पांढरी टोपी, डोळे अर्धे मिटलेले. अण्णांना झोप लागली असं वाटून लोक मनातलं बोलून जायचे आणि मग पस्तावायचे. माजी खेळाडूंतर्फे बोलायला रंगराव आला होता. आयटीआयची बाजू मांडायला कुणी नव्हतं. त्यांना बोलावणं धाडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या बाजूनं आकडे बोलत होते, आणि आकड्यांना खुर्ची लागत नाही. त्यांचा कप्तान संताजी वडणगेकर, वेल्डिंगच्या वर्गातला, त्यानं त्या वर्षी एकट्यानं इतके गोल मारले होते की आमच्यातले फुटबॉल न कळणारेही त्याला चालण्यावरून ओळखायचे.

रंगराव चांगला बोलला. जरा जास्तच चांगला. पाठ करून आल्यासारखा. मग अण्णांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "मुजावर सर आलेत का? त्यांनाच विचारूया."

सर दाराशी उभे होते. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना बोलावलं होतं ते चषकाच्या कार्यक्रमाबद्दल विचारायला, पण आता सापडलेच होते. रंगरावाचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं, आता सर दोन शब्द बोलतील, अण्णा मान डोलावतील आणि बाक वाचेल. सरांना बोधल्यांचं बोलणं ठाऊक होतं. आपल्या एका 'हो' वर काय टांगलंय हे त्यांच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "सर, तुमचा संघ अजून मोठा आहे का?"

सरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मोठा होता. आता बरा आहे."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे वाईट नाही. पोरं कष्टाळू आहेत. पण मोठा म्हणाल तर, नाही. आयटीआय आमच्यापेक्षा सरस आहे."

रंगराव खुर्चीत असा बसला की जणू कुणी त्याची हवा काढून घेतली. सर त्याच्याकडं बघून किंचित हसले, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या आवडत्या मुलाकडं बघतात तसं. अण्णांनी दुसराही डोळा उघडला. हात वर करायची गरजच उरली नाही. सावलीचा बाक आयटीआयला. मी तसा निरोप त्यांच्या मास्तरांकडं पाठवला, आणि दुसरा जयाजीराव कॉलेजच्या प्राचार्यांकडं. व्यापाऱ्याचं काम संपलं.

जिन्यावरून उतरताना रंगरावानं सरांना गाठलंच. मला वाटलं, भांडेल. त्यानं फक्त एवढंच विचारलं की सर, एक शब्द खोटा बोलला असता तर काय बिघडलं असतं.

"रंगा," सर म्हणाले, "मी पोरांना शिकवलं, चेंडूला हात लागला तर आपणहून सांगा. रेफरीनं बघितलं नसलं तरी."

अंतिम सामन्याच्या दिवशी मैदान दुपारी दोनलाच भरलं. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं, समोरच्या तिमजली इमारतीच्या गच्चीवर बायका छत्र्या घेऊन. प्राचार्य बोधले आमच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. त्यांनी फुटबॉलचा सामना पूर्वी कधी पाहिला नव्हता हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, त्यामुळं मला ते आवडले. आमच्या बाजूलाच सावलीतला तो बाक रिकामा होता, आयटीआयची वाट बघत.

आयटीआयचा संघ मैदानात आला. गर्जना झाली. पोरं धावत आली, मैदानाला हात लावून कपाळाला लावला आणि सरळ पलीकडं, उन्हात जाऊन बसली.

मला वाटलं, सवयीनं गेली. मग जयाजीराव कॉलेज आलं. पुढं मुजावर सर. त्यांना निरोप पोचलेलाच होता. तेही संघ घेऊन पलीकडं चालू लागले. आता पलीकडं एका बाकापाशी दोन संघ, आणि इकडं सावलीत रिकामा बाक, ज्याच्यासाठी गाव चार दिवस झोपलं नव्हतं. प्रेक्षकांना ते कळलं तसं हसू पसरत गेलं, आधी भिंतीवरून, मग सगळीकडून. कुणीतरी ओरडलं की बाकाला ताप आलाय काय. अण्णा मला म्हणाले, "मगदूम, जा बघ काय झालंय."

मी मैदान ओलांडून निघालो. इतक्या माणसांच्या देखत, डोक्यावर ऊन घेऊन, धोतर सावरत. रंगराव कुठूनसा माझ्या बाजूला आला. कॉलेजच्या संघाबरोबर तो मॅनेजर म्हणून होताच.

पलीकडं पोचलो तेव्हा मुजावर सर संताजी वडणगेकरला सांगत होते की समितीनं ठरवलंय, उठ, पोरांना घेऊन तिकडं जा. संताजी बुटाच्या नाड्या बांधत खाली बसला होता. बुटका, भक्कम, मनगटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. तो उठून उभा राहिला, पण जागचा हलला नाही.

"सर, तुमी तिकडं बसा," तो म्हणाला.

मी समितीच्या आवाजात बोललो. तुमचा संघ सरस आहे असं ठरलं आहे, बाक तुमच्या हक्काचा आहे, निरोप मिळाला नाही का.

"मिळाला की. कुणी ठरवलं?"

"आम्ही. समितीनं."

"आमाला इचारलं काय?"

अख्ख्या गावाला विचारून झालं होतं. ज्याला द्यायचं त्यालाच काय हवं ते विचारायचं राहून गेलं होतं.

रंगरावाला वेगळाच संशय आला. त्याचा आवाज बारीक झाला. "कीव करायलास काय रं आमची?"

"कीव?" संताजी हसला. "काका, आज तुमाला ठोकणार हाय. बघत ऱ्हावा." मग तो हसायचा थांबला. सरांकडं बघत बोलू लागला, पण सांगत होता आम्हा सगळ्यांना. "सर, दोन वर्षं कप नेला आमी. गावात काय म्हणतात म्हायतेय? कॉलेज आदीच बाहेर गेलं म्हणून कप गावला तुमाला. माझा बाप पण तेच म्हणतो. कप घरात ठेवलाय, त्याच्याकडं बघून म्हणतो, चांगलाय, पण कॉलेजला कुठं हरीवलंय. आज पहिल्यांदा कॉलेज फुड्यात आलंय. आणि आजच तुमी त्यास्नी बाकावरनं उठवताय. मग आमी हरवायचं कुणाला?"

त्याच्या मागं त्याची पोरं उभी होती, सगळ्यांचे चेहरे तसेच. मागच्या प्रेक्षकांतून कुणीतरी वेळ झाला वेळ झाला म्हणत होतं.

सर म्हणाले, "पण आम्ही आता तेवढे मोठे नाही, संताजी. मी बैठकीत सांगितलंय तसं."

"ते तुमाला काय कळतंय?" तो म्हणाला, आणि आपण कुणाशी बोलतोय ते ध्यानात येऊन जीभ चावली. "म्हंजे, सर, ते आतनं कळत न्हाई. तुमच्याच कॉलेजात बारावीला नापास झालो तवा तुमी दोनदा घरला आलासा, परत बस म्हणून. मी बसलो न्हाई. डोकं चालत न्हवतं त्यात. पण त्या बाकावर बसायचं व्हतं मला. ते काय जमलं न्हाई. आता निदान त्या बाकावर बसलेल्यास्नी तरी हरवू द्या."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऊन लागेल तुझ्या पोरांना. गेल्या वर्षी एकाला घेरी आली होती."

"लागूद्या. तुमी सावलीत बसून हारलासा, असं सांगता आलं पायजे घरात."

सर हसले. मी त्या माणसाला इतकी वर्षं बघत होतो, पण दात दिसतील असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी संताजीच्या मानेवर हात ठेवला, हलकेच एक धक्का दिला आणि आपल्या पोरांना म्हणाले, चला रे, आपल्या जागेवर.

कॉलेजचा संघ मैदान ओलांडून सावलीकडं आला तेव्हा टाळ्या पडल्या. लोकांना काय झालंय ते माहीत नव्हतं, पण कोल्हापूरच्या प्रेक्षकाला कारण लागत नाही. रंगराव सर्वात पुढं, छाती काढून, गुडघा दुखत असल्याचं पूर्णपणे विसरून. मी खुर्चीवर येऊन बसलो. प्राचार्य बोधल्यांनी विचारलं, काय झालं तिथं? म्हटलं, सामना होऊ द्या, मग सांगतो. मला दम लागला होता, आणि खरं सांगायचं तर मला ते नीट सांगता येईल असं वाटत नव्हतं.

सामन्यातलं मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. जयाजीराव कॉलेजची ती कष्टाळू पोरं त्या दिवशी वेगळीच खेळली. मिसळीच्या दुकानात ज्यांना नशिबाची म्हटलं होतं ती हीच का, असा प्रश्न पडला. बाकावर बसायला मिळालं म्हणून असेल, किंवा पलीकडच्या पोरांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेला लाजून असेल. पहिला गोल त्यांनीच केला. मैदान थक्क झालं. रंगराव माझ्या खुर्चीपाशी येऊन माझा खांदा पिळत राहिला, सामना संपेपर्यंत. मला त्याची बोटं आठवडाभर जाणवली. हाफटाइमनंतर आयटीआयनं बरोबरी केली. मग बराच वेळ काहीच होईना. पोरं पडत होती, उठत होती, उन्हात बसणारे बदली खेळाडू डोक्यावर ओले टॉवेल घेऊन ओरडत होते. शेवटाकडं एक कॉर्नर मिळाला आणि संताजी वडणगेकर एवढा बुटका असून कुठून एवढा उडाला ते त्यालाच माहीत. डोक्यानं मारला. चेंडू जाळ्यात. थोड्याच वेळात शिटी वाजली.

दोन-एक. कॉलेज हरलं.

मग जे झालं ते मी पूर्वी त्या मैदानावर पाहिलं नव्हतं. आयटीआयची पोरं चषकाच्या टेबलाकडं आलीच नाहीत. ती मैदानात लोळत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती, रडत होती. कुठूनतरी हलगी आली, गुलाल आला. प्रेक्षकांतून एक म्हातारा, डोक्याला पटका, काठी टाकून धावत मैदानात शिरला आणि संताजीला मिठी मारून उभाच राहिला. तो त्याचा बाप असावा. अण्णांनी चषक हातात घेतला, थोडा वेळ धरला, मग परत टेबलावर ठेवला. कोण घ्यायला येतच नव्हतं.

प्राचार्य बोधले हे सगळं प्रयोग बघावा तसं बघत होते. मग माझ्याकडं वाकून म्हणाले, "मगदूम साहेब, या मुलांनी गेली दोन वर्षंही जिंकलंच आहे ना?"

"हो."

"तेव्हाही एवढं नाचली होती?"

मला आठवून बघावं लागलं. तेव्हा चषक घेतला होता, फोटो काढला होता आणि पोरं सायकलींवर टांगा टाकून गेली होती. तसं मी सांगितलं.

"मग आज एवढं काय झालं?"

उत्तर मी देणार होतो. पण माझ्या मागून रंगरावाचा आवाज आला. त्याचे डोळे लाल होते. हरल्याचं दुःख त्यात होतंच, पण तो ज्या तोऱ्यात बोलला तो तोरा मी त्याच्या तोंडून त्या जुन्या गोलाच्या गोष्टीतही कधी ऐकला नव्हता.

"आज त्यांनी कॉलेजला हरवलंय, साहेब."

बोधल्यांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग पुन्हा मैदानाकडं. गुलाल उडत होता, हलगी थांबायचं नाव घेत नव्हती. पदार्थविज्ञानाचा माणूस, एखादी गोष्ट पुरी पटल्याशिवाय मान हलवायचा नाही. शेवटी उठले आणि सावलीच्या बाकाकडं गेले. तिथं मुजावर सर खाली मान घालून बसलेल्या आपल्या गोलकीपरच्या पायाला बर्फ लावत होते. मीही मागोमाग गेलो. रंगरावही.

"सर," बोधले म्हणाले, "तुमच्या जागेचा प्रस्ताव संस्थेकडं पाठवायचा आहे. मला फुटबॉलचं काही लिहिता येणार नाही. तुम्ही लिहून द्याल का?"

सर उभे राहिले. हातातला बर्फ वितळून मनगटावरून गळत होता. "लिहितो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, त्यांच्या त्या सरळ आवाजात विचारलं, "पण साहेब, आज हरल्याचं लिहायचं का?"

"तेच आधी लिहा," बोधले म्हणाले. "आणि ही मुलं किती नाचली तेही लिहा."